कातडं कुणाचं? ‘हाइडबाउंड’ या एका विशेषणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादनाचं काम पाहतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका इंग्रज गृहस्थाच्या आठवणींच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद छापायला आला. पुस्तकाचं, लेखकाचं आणि अनुवादिकेचं नाव इथे देत नाही. पानांचे आकडेही थोडे बदलले आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे.

लेखकाचं बालपण उत्तर इंग्लंडमधल्या एका शेतावर गेलं आणि पुढची सगळी नोकरी परगण्याच्या कचेरीत झाली. बालपणातला मोठा प्रसंग म्हणजे १९४७चा हिवाळा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू झालेली बर्फवृष्टी मार्चच्या मध्यापर्यंत हटली नव्हती. मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, गोठ्यातला चारा संपला, आणि वसंतात गुरं बाहेर काढली तेव्हा त्यांची दशा झालेली होती. हे सगळं लेखकाने मुलाच्या नजरेने, अगदी जवळून लिहिलं आहे.

अनुवादिका अनुभवी होत्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, इथेही तेच म्हणतो. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि मराठी तर निश्चितच चांगलं आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढची चूक अडाणीपणातून झालेली नाही.

‘हाइडबाउंड’ हे विशेषण मूळ पुस्तकात तीन ठिकाणी येतं. दुसऱ्या प्रकरणात ते गोठ्यातल्या गुरांबद्दल आहे. सातव्या प्रकरणात कचेरीच्या नियमांबद्दल आणि ते सांभाळणाऱ्या हेडक्लार्कबद्दल आहे. अकराव्या प्रकरणात परसातल्या पेअरच्या झाडाबद्दल आहे. लेखकाचे वडील त्या झाडाच्या खोडावरून वरून खाली सुरी ओढतात. पहिल्या खर्ड्यात या तीन जागा अशा झाल्या होत्या: गुरं ‘खंगलेली’, झाड ‘जुनाट’, आणि कचेरीचं वाक्य असं: ‘नियमांच्या वह्या कातडी बांधणीच्या होत्या, आणि त्या सांभाळणारा माणूसही तसाच जाड कातडीचा.’

हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी समासात बरोबरची खूण केली. जुन्या सरकारी कचेरीचा वास त्यात होता, वर नेमका टोमणाही होता. अनुवाद वाचतो आहोत हे विसरायला लावणारं वाक्य. चूक अडखळणाऱ्या वाक्यात असली तर कुणाच्याही नजरेला येते. चांगल्या चालणाऱ्या वाक्यात ती आरामात बसून राहते.

अडचण कशी उघड झाली

आमचे मुद्रितशोधक इंग्रजी मूळ कधीच बघत नाहीत. ‘मला वाचक म्हणून वाचू द्या,’ हा त्यांचा जुना हट्ट आहे. अकराव्या प्रकरणाच्या प्रुफावर त्यांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘बापाने झाडाला सुरी का मारली?’

मला वाटलं, राग असेल. झाड फळत नव्हतं म्हणून. पण पुढे तर लेखक म्हणतो की त्यानंतर झाड जोमाने वाढलं, आणि वडिलांच्या हाताला गुण होता असं शेजारी म्हणायचे. मग मूळ काढलं. ‘जुनाट’ला तिथे ‘हाइडबाउंड’ हा शब्द होता. हा शब्द मला फक्त माणसांबद्दल माहीत होता: संकुचित, जुन्याला चिकटून बसलेला. झाड संकुचित कसं असेल? पुस्तकाच्या संगणकातल्या प्रतीत शोध घेतला तेव्हा उरलेल्या दोन जागा सापडल्या. तीन ठिकाणी एकच मूळ शब्द, आणि आमच्याकडे त्याचे तीन वेगळे मराठी शब्द, त्यातला एक तर सरळ चुकीचा. मूळ वाक्यात वह्या नव्हत्याच. नियम होते. ‘वह्या’ ताईंनी घातल्या, कारण कातडी बांधणीला काहीतरी बांधायला हवं होतं.

तोपर्यंत पहिले तीन फर्मे छापून झाले होते. म्हणजे पहिली ४८ पानं. गुरांचं वाक्य पान २७वर होतं, छापलेल्या भागात. कचेरी आणि झाड अजून आमच्या हातात होते.

शब्दाचा माग

मी ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘विग्रह तर बरोबर केला होता मी. कातड्याने बांधलेला. तृतीया तत्पुरुष.’

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण चूक नेमकी इथे आहे. इंग्रजीत नाम आणि भूतकालवाचक धातुसाधित जोडून विशेषणं बनवण्याची जुनी सवय आहे. बर्फाने अडकलेला तो ‘स्नोबाउंड’, घरात अडकलेला तो ‘हाउसबाउंड’, मंत्राने जखडल्यासारखा तो ‘स्पेलबाउंड’. ‘हाइड’ म्हणजे जनावराचं कातडं, ‘बाउंड’ म्हणजे बांधलेला. विग्रह केला तर कातड्याने बांधलेला, यात वादच नाही. पण कातड्याने पुस्तकही बांधलं जातं आणि कातड्याने गायही बांधलेली असते. पुस्तकाचं कातडं दुसऱ्या कुणाचं तरी असतं. गाईचं तिचं स्वतःचं. समास सोडवून हे कळत नाही. कातडं कुणाचं, हे विचारावं लागतं, आणि आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

एक धागादोरा होता, तोही सुटला. इंग्रजीत कातडी बांधणीच्या पुस्तकाला ‘लेदरबाउंड’ म्हणतात. ‘लेदर’ म्हणजे कमावलेलं चामडं, ‘हाइड’ म्हणजे जनावराच्या अंगावरचं किंवा नुकतंच उतरवलेलं कातडं. कातडी बांधणीची वही असती तर शब्द बहुधा ‘लेदरबाउंड’ असता.

शिवाय ‘बाउंड’ हा शब्दही एक नाही. रेल्वेच्या इंग्रजी घोषणेत मुंबईकडे निघालेली गाडी ‘मुंबईबाउंड’ असते, तिला कुणी बांधलेलं नसतं. तो ‘बाउंड’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘तयार, निघालेला’ अशा अर्थाच्या शब्दातून आला, आणि पुढे ‘बांधलेला’ या अर्थाच्या ‘बाउंड’सारखाच दिसायला लागला. म्हणजे शेपूट सारखं, जनावर वेगळं. आपल्या शब्दातला ‘बाउंड’ मात्र बांधण्याचाच. संस्कृतातला बन्ध् धातू, फारसीतून आलेला आपला ‘बंद’ आणि इंग्रजीतला हा ‘बाउंड’ एकाच जुन्या मुळाचे. ही चुलतभावंडं पुढे पर्यायांत पुन्हा भेटली.

आता शब्दाचा इतिहास. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो इंग्रजीत दिसतो आणि तेव्हा तो गुरांचा शब्द आहे: उपासमारीने ज्याचं कातडं पाठीला आणि बरगड्यांना चिकटून बसलंय असं जनावर. हा शब्द त्या देशात का लागावा हे कळायला हिवाळा समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे चारा सरतो चैत्र-वैशाखात, तिकडे तो सरायचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये तर हिवाळ्याअखेर गुरं इतकी गळून जायची की त्यांना माणसांनी उचलून कुरणावर न्यावं लागायचं.

१६००च्या सुमारास शब्द माणसांवर आला. आधी दोन अर्थ बरोबरीने चालले: कोत्या मनाचा आणि कंजूष. दुसरा पुढे गळून पडला. तोवर झाडांनाही तो लागला होता. ज्या झाडाची साल आतल्या वाढीला वाव देत नाही ते झाड ‘हाइडबाउंड’. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या निधनानंतर १६२७मध्ये निघालेल्या ‘सिल्वा सिल्वारम’ या ग्रंथात त्याने लिहून ठेवलंय की झाडांच्या सालीला उभे-आडवे छेद दिले की झाडाला मोठा फायदा होतो, ते या दुखण्यातून सुटतं. आमच्या मुद्रितशोधकांच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ ४०० वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं होतं. बाप झाडाला मारत नव्हता, त्याची साल सैल करत होता.

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात तर सगळा वंशवेल एका जागी आहे. आधी घोडा: ज्याचं कातडं पाठीला आणि बरगड्यांना इतकं घट्ट चिकटलंय की हाताने ओढून सुटं करता येत नाही. ही व्याख्या त्याने घोड्यांच्या वैद्यकाच्या कोशातून घेतली आहे. मग झाड. मग हेकट माणूस. मग कंजूष माणूस. वैद्यकातही शब्द शिरला. कातडी दगडासारखी कठीण होत जाते त्या ‘स्क्लेरोडर्मा’ या आजाराला जुन्या इंग्रजीत हेच नाव होतं.

ताईंनी यात एक भर घातली, तीही जरा खवचटपणे. इंग्रज कवी मिल्टनने १६४४मध्ये ‘अॅरिओपजिटिका’ ही पुस्तिका लिहिली ती छापण्यापूर्वीच्या परवान्याच्या विरोधात. आदल्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने परवान्याचा हुकूम काढला होता. त्यात मिल्टन विचारतो की लेखकाने आपली अक्कल एका अशा परवाना अधिकाऱ्यापुढे का ठेवावी, जो आपल्या ‘हाइडबाउंड’ लहरीलाच विवेकबुद्धी समजतो आणि तिला न रुचेल ते खोडतो. ताईंनी हे वाक्य मला पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘संपादकांच्या माहितीसाठी.’

गोठ्यातली पाहणी

कोश वाचून अर्थ कळला, पण मराठी शब्द मिळेना. गुरांचा शब्द गुरांवाल्यांकडेच असणार, म्हणून आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं. ते सातारा जिल्ह्यात राहतात. फोनवर म्हणाले, ‘सांगून काय कळणार? या.’ मी आणि ताई एका रविवारी गेलो.

डॉक्टरांनी आधी एक धष्टपुष्ट गाय दाखवली. शेवटच्या बरगडीच्या मागे अंगठा आणि दोन बोटांनी कातडं धरायला सांगितलं. ते पिठाच्या ओल्या गोळ्यासारखं मऊ होतं, सहज वर आलं, सोडल्यावर लगेच सरकून जागेवर बसलं. ‘बाजारात जनावर घेताना जाणता माणूस हेच करतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘दात बघतात ते वयासाठी. कातडं बघतात ते पोटासाठी.’

मग शेजारच्या दावणीला बांधलेला एक बैल. त्याच जागी ताईंनी बोटं लावली आणि ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. धरायला काही नव्हतंच. कातड्याखाली थेट बरगडी. केस राठ, उभे. पोटात जंत झालेले, त्यात आजारपण आणि वर चाऱ्याची टंचाई. कातड्याखालची चरबी संपली की कातडं खाली बसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगातलं पाणी कमी झालं तर वेगळं: तेव्हा कातडं वर येतं पण परत जायला वेळ लावतं. इथे ते वरच येत नाही.

ताईंनी विचारलं, ‘याला तुम्ही काय म्हणता?’ डॉक्टर म्हणाले, ‘मी कागदावर अशक्त लिहितो.’ ही निराशाच होती. पण बैलाच्या मालकीणबाई शेण भरता भरता म्हणाल्या, ‘हिरवं पोटात गेलं की सुटतंय बघा कातडं. पाऊस पडू द्या.’

परतीच्या गाडीत ताई बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, ‘ती सुटतंय म्हणाली. मग आत्ता ते काय झालंय? आवळलंय.’

समोरचे पर्याय

तरी ‘आवळलेला’ लगेच ठरला नाही. पुढचे चार दिवस आम्ही बाकीचे शब्द तपासले, कारण हेडक्लार्कच्या वाक्यात तयार मराठी शब्दांची कमतरता नव्हती.

‘कर्मठ’ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याला सोवळ्याचा वास आहे, आणि इंग्लंडमधल्या परगण्याच्या कचेरीत पळी-पंचपात्र घुसल्यासारखं झालं असतं. ‘पोथीनिष्ठ’ नियमांना चपखल होता. पण त्यात शरीर नाही, भूक नाही.

‘चाकोरीबद्ध’ने मला बराच मोह घातला. रचनेने तो ‘हाइडबाउंड’चा जुळाच आहे: नाम अधिक बद्ध, आणि ‘बद्ध’ व ‘बाउंड’ मुळातले नातलग. बैलगाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरीही शेतावरचीच. ताईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला पटलं. चाकोरीबद्ध आयुष्य असतं, चाकोरीबद्ध काम असतं. माणसाला आपण सहसा चाकोरीबद्ध म्हणत नाही. शिवाय चाकोरी बाहेर असते. गाडी चाकोरीतून काढता येते. कातड्यातून बाहेर पडता येत नाही.

‘झापडबंद’ सगळ्यात जिवंत. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना लावलेली झापडं कुणाला दिसत नाहीत? वाचकाला क्षणात कळलं असतं. पण झापडं दुसऱ्याने लावलेली असतात आणि ती फक्त नजर अडवतात. लेखकाला सांगायचंय ते वेगळं आहे: वर्षानुवर्षं नवीन काही पोटात न गेल्याने माणूस स्वतःच्याच कातडीत जखडला. आणि पुस्तकात घोडाच नव्हता; आम्ही एक नवीन जनावर आणून बांधलं असतं.

शब्दशः ‘हाडाला कातडं चिकटलेला’ म्हणावं तर तो हेडक्लार्क चांगला गोलमटोल. लेखकाने त्याच्या जाकिटाच्या ताणलेल्या गुंड्यांचं वर्णन केलंय. वाचकाने पुढच्याच परिच्छेदात आम्हाला पकडलं असतं.

मी ‘चर्मबद्ध’ असा शब्द घडवून पाहिला. ताईंनी वाचला, हसल्या, आणि विषय संपला.

उरली तळटीप. ती मला नको होती. आठवणींच्या पुस्तकात टोमण्याच्या वाक्याला तळटीप लावणं म्हणजे विनोद सांगून झाल्यावर तो समजावून सांगणं.

पहिला निर्णय: चित्र ठेवायचं की नाही

खरा वाद शब्दावर नव्हता. ताईंचा आक्षेप मुळावरच होता. त्या म्हणाल्या, ‘आजच्या इंग्रज वाचकाला तरी हाइडबाउंड म्हटल्यावर गुरं दिसतात का? त्याला एक हेकट माणूस दिसतो, बस्स. मग मराठी वाचकाला गोठा दाखवायचा आग्रह कशासाठी? घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे, त्याला गुळगुळीत मराठी शब्द द्या. पोथीनिष्ठ लिहा आणि मोकळे व्हा.’

हा आक्षेप बिनतोड आहे, आणि दहातल्या नऊ पुस्तकांत मी तो मान्य केला असता. प्रत्येक मेलेल्या रूपकाला फुंकर घालून उठवणं हा अनुवादकाचा धर्म नाही. आपण स्वतः ‘चाकोरीबद्ध’ म्हणताना कुठे चाकं बघतो?

पण या लेखकाने तो शब्द आधी गुरांसाठी वापरला आहे, मग माणसासाठी, मग झाडासाठी. १९४७च्या मार्चमध्ये त्याने ती गुरं स्वतः बाहेर काढली होती. सातव्या प्रकरणात तो शब्द लिहिताना त्याला दुसरं प्रकरण आठवलं नसेल, हे मला पटेना. लेखक हयात नव्हते, त्यामुळे विचारण्याची सोय नव्हती. शेवटी झाडाने निकाल दिला. झाडाच्या ठिकाणी शब्द शब्दशः अर्थाने होता आणि तिथे काहीतरी करणं भागच होतं. मग तिन्ही जागा एका धाग्यात का घेऊ नयेत? ताईंनी मान्य केलं. पूर्ण पटून केलं असं म्हणत नाही.

धागा ‘आवळणे’चा ठरला. साल आवळते, कातडं आवळतं, नियम आवळतात आणि माणूसही आवळून बसतो. हे क्रियापद घराघरात आहे, गाठीपासून पोलक्यापर्यंत. आणि त्याच्या पोटातच ‘सुटणे’ आहे.

दुसरा निर्णय: छापलेला फर्मा

पान २७वर ‘खंगलेली गुरं’ छापून झालं होतं. तिथे कातडं नव्हतं, आवळणंही नव्हतं. धाग्याचं पहिलं टोकच नव्हतं म्हणायचं. दुसरा फर्मा पुन्हा छापावा तर १६ पानांचा कागद आणि छपाई वाया. शुद्धिपत्र लावावं तर ‘खंगलेली’ ही अशुद्धी नव्हतीच. चुकीचं नसलेल्या शब्दाचं शुद्धिपत्र कसं काढणार?

मी फर्मा तसाच ठेवायचं ठरवलं. हिशोबाने ते बरोबर होतं. मग सातव्या प्रकरणात ती उणीव भरून काढण्यासाठी मी तीन शब्द पदरचे घातले. वाक्य असं झालं: ‘नियम आवळलेले होते, आणि ते सांभाळणारा माणूसही आतून आवळलेला, मार्चमधल्या आमच्या गुरांसारखा.’ शेवटचे तीन शब्द मूळात नाहीत. ताईंनी विरोध केला. ‘लेखकाने जे सुचवून सोडलंय ते तुम्ही बोलून दाखवताय,’ असं त्यांनी लेखी कळवलं. मी रेटलं. मिल्टनचं वाक्य त्यांनी पाठवलं ते याच वेळी.

अकराव्या प्रकरणात काम सोपं होतं: ‘परसातल्या पेअरची साल आवळली होती.’ मुद्रितशोधकांना पुन्हा वाचायला दिलं. सुरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

निष्पत्ती

पुस्तक निघालं. हेडक्लार्कच्या वाक्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. एका निवृत्त अव्वल कारकुनांचं पत्र आलं: त्यांच्या हाताखाली आणि डोक्यावर अशी आवळलेली माणसं कितीतरी होती, नेमका शब्द आज मिळाला. मला फार बरं वाटलं. आठवड्याने दुसरं पत्र आलं. त्या बाईंनी मूळ इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाचलं होतं. त्यांनी विचारलं होतं की मार्चमधली गुरं कुठून आली? मूळात तर तिथे नाहीत. ताईंकडून खुलासा मागितला होता, कारण मुखपृष्ठावर नाव त्यांचं होतं.

हे मला लागलं. घातलेले शब्द माझे, जाब त्यांना. मी त्या बाईंना उत्तर लिहिलं आणि जबाबदारी घेतली, पण पुस्तकात ते वाक्य तसंच राहिलं होतं.

दीड वर्षाने पुनर्मुद्रणाची वेळ आली तेव्हा आम्ही दोन बदल केले. पान २७वर ‘खंगलेली गुरं’च्या जागी ‘कातडं आवळून बरगड्यांना बसलेली गुरं’ आलं. आणि सातव्या प्रकरणातले माझे तीन शब्द काढून टाकले.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी, छपाईला देण्यापूर्वी मूळातले वेगळे वाटणारे शब्द संगणकात शोधून एकत्र पाहीन. हे काम अर्ध्या तासाचं होतं. ते आम्ही झाडाच्या सुरीनंतर केलं, आणि तोवर तीन फर्मे गेले होते.

‘वह्या’ या शब्दाशी मी थांबायला हवं होतं. मूळात नसलेलं एखादं नाम घातल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नसेल, तर बहुधा विशेषणाचा अर्थ चुकलेला असतो. ताई आता याला आमच्यातली ‘वह्यांची खूण’ म्हणतात. त्यानंतर दोन पुस्तकांत ती कामाला आली. एकदा माझ्याच अनुवादात.

फर्मा पुन्हा छापायला हवा होता का? यावर माझं मत अजून पक्कं नाही. पैशाच्या दृष्टीने नाही. पण पैसे वाचवण्यासाठी मी दुसऱ्याच्या वाक्यात भर घातली, आणि तेव्हा स्वतःला सांगितलं की ही वाचकाची सोय आहे. पर्याय मांडताना हा खर्च मी मोजलाच नव्हता. फर्मा तसाच ठेवूनही सातव्या प्रकरणात नुसतं ‘आवळलेला’ चाललं असतं. कारकुनांच्या पत्रातही गुरांचा उल्लेख नव्हता, त्यांना आवडला होता तो तेवढा एक शब्दच.

आणि मुद्रितशोधकांना मूळ न दाखवण्याचा त्यांचा हट्ट मी यापुढे मोडणार नाही. इंग्रजी शेजारी असतं तर त्यांनीही ‘हाइडबाउंड’ पाहिलं असतं, माझ्यासारखाच ओळखीचा अर्थ लावला असता, आणि सुरीचा प्रश्न विचारला नसता.

पुनर्मुद्रणात पान २७वर तीन-चार शब्द वाढल्यामुळे परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली. मजकूर लावणाऱ्या मुलाला सांगितलं तेव्हा तो पडद्याकडे बघत म्हणाला, ‘काही नाही सर, वरच्या दोन ओळी जरा आवळतो.’